बाद ताव

नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं मी चुका शोधल्या.
ताव उजेडाला धरायचा,
शाई फुटली का, आकडा सरकला का,
धागा जागेवर आहे का.
चुकलेला ताव बाद.
बाद तावाचीही नोंद, तीन सह्या, मग भुगा.
आणि त्याच्या जागी नवी नोट,
आकड्याआधी एक बारीक चांदणी,
म्हणजे कळावं, इथं एकदा चुकलं होतं.

गेटवर रोज झडती.
डबा उघडून, चपला झटकून.
डोळ्यांतून कोण काय नेतं
ते बघायची सोय नव्हती.

दुसरी पाळी सुटली होती.
सिन्नर फाट्याकडं लोडशेडिंगचा अंधार.
पेट्रोल पंपावर तिघांना मारलं, त्यात एक पोरगं,
आणि एक जण पळाला माझ्या सायकलपुढून.
ट्रकचा झोत आला नि गेला.
एक कानशील, एक खांदा, गळ्यावरचा घाम.
एवढंच.
बाकीचं मी नंतर भरलं.

चौकीत फौजदारानं चहा मागवला.
फायलीतून एक फोटो सहज डोकावत होता.
‘हा तर नव्हे?’
चहा गोड होता. मी बराच वेळ बघितलं.

मग जेलात ओळखपरेड.
सात माणसं भिंतीला लावून,
तहसीलदार घड्याळाकडं बघत.
सहा चेहरे मी जन्मात पाहिले नव्हते.
सातवा पाहिला होता. फोटोत.
खांद्यावर हात ठेवायचा असतो.
ठेवला.
दगड फोडणाऱ्याचा खांदा, ताप आल्यासारखा गरम.

निकालपत्रात माझ्यावर अख्खा परिच्छेद:
साक्षीदार क्रमांक चार हे सरकारी छापखान्यात तपासनीस,
सूक्ष्म फरक ओळखणे हेच त्यांचे काम,
सबब त्यांच्या नजरेवर अविश्वास दाखविण्यास कारण नाही.
मी तो घरी मोठ्यानं वाचून दाखवला.
बायकोनं शिरा केला होता.
त्याच्या खालच्या परिच्छेदात होतं,
मरेपर्यंत फास.

नाशकात फाशी देत नाहीत. त्याला येरवड्याला नेला.
यल्लप्पा धोत्रे, वय चोवीस.
पेपरात एकतीस छापलं होतं, तेही कुणी तपासलं नाही.
त्याच्या आईनं अर्जामागून अर्ज केले,
त्यांवर डकवलेली कोर्टाची तिकिटं
आमच्या शेजारच्या प्रेसची.
छपाई निर्दोष.

सोळा वर्षांनी कटिंगच्या दुकानात वाचलं,
पान पाच, फ्लॅटच्या जाहिरातीखाली: सुटला.
बोटांचे ठसे दुसऱ्याचेच होते, पहिल्या दिवसापासून.
आणि माझ्यावर या खेपेला एकच ओळ,
साक्षीदार चारची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही.
न्हावी म्हणाला, मान हलवू नका.

कुणी आलं नाही विचारायला.
पेन्शन एक तारखेला, बिनचूक.

चेहेडीला दारणेच्या पुलाशी
तो पाट्यांना टाकी लावत बसतो.
मिक्सर आल्यापासून आमचा पाटा नुसता पडून,
तो पोत्यात घालून मी स्कूटरवर नेला.
काय बोलायचं ते वाटेत तीनदा म्हणून पाहिलं होतं.
त्यानं वर पाहिलं.
‘बारीक लावू का जाड?’
‘बारीक,’ म्हटलं मी.
छिन्नी चालत राहिली. कपची उडून
माझ्या पायावर आली, मी पाय हलवला नाही.
त्यानं मला ओळखलं का, सांगता येत नाही.
चेहऱ्यावरून मी आता काही सांगत नाही.

पन्नासची नोट दिली.
ती त्यानं आभाळाकडं धरली,
उलटी केली, पुन्हा धरली,
कडेची चीर अंगठ्यानं चाचपली.
घाई केली नाही.
‘ही चालायची नाही,’ म्हणाला, ‘दुसरी द्या.’

माझ्याकडं दुसरी होती.